कर्णशूल आणि उपधान : छिद्रयुक्त उशीच्या छोट्या उद्योगासंबंधी काही विचार

कर्णशूल घेऊन आलेल्या रुग्णाला आपण वैद्य मंडळी अनेक प्रश्न विचारतो. स्राव आहे काय, कंडू आहे काय, ऐकू कमी येते काय, प्रतिश्याय होऊन गेला काय. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कर्णरोगांची संख्या २८ सांगितली, वाग्भटाचार्यांनी ती २५ मानली. या भेदांची ओळख सर्वांना असते. परंतु रुग्ण रात्री कोणत्या कुशीवर निजतो आणि त्याचा कान कशावर टेकतो, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे विचारीत असतील. आम्हीही अनेक वर्षे विचारीत नव्हतो.

वास्तविक उपधानाचा, म्हणजे उशीचा, विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. अर्दिताच्या हेतूंमध्ये वाग्भटाने विषम उपधानाचा स्पष्ट निर्देश केला आहे. जो ग्रंथकार वाकड्या उशीला अर्दितासारख्या व्याधीच्या हेतूंत स्थान देतो, त्याने निद्रेच्या वेळी शिर व मान यांवर येणाऱ्या भाराचा विचार केला होता, हे उघड आहे. कानाच्या बाबतीत तोच विचार पुढे नेण्याचे काम आपले आहे.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरळगाव आणि टोकावडे ओलांडल्यावर लागते. नाणेघाटाची वाट येथून जवळच सुटते. सातवाहनकाळात ज्या घाटाने जुन्नरचा माल कल्याण बंदराकडे उतरत असे, त्याच्या पायथ्याशी काटेसावरीच्या कापसाच्या उशा शिवून विकण्याचा एक लहानसा उद्योग येथील महिलांनी आरंभिला, आणि त्यात सल्लागार म्हणून आम्ही सहभागी झालो. ही उशी साधी नव्हे. तिच्या मध्यभागी कान मोकळा राहील असे आरपार छिद्र असते. या उद्योगात आम्ही काय शिकलो, आणि मुख्यतः कोठे चुकलो, ते या लेखात मांडावयाचे आहे.

दाब आणि तरुणास्थि

कर्णशष्कुलीची रचना लक्षात घेतली म्हणजे दाबाचे महत्त्व कळते. सुश्रुताने ज्या स्थानी तरुणास्थि सांगितल्या त्यांत कर्ण आहे. या तरुणास्थीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण तिला वेढणाऱ्या पातळ आवरणातून होते. वरच्या कडेवर त्वचा आणि तरुणास्थि यांच्यामध्ये मेदाची गादी जवळजवळ नसतेच. अशा स्थानी शिराचा भार रात्रीमागून रात्र, तासन् तास पडत राहिला तर तेथील रक्तपुरवठा खंडित होऊन प्रथम वेदना, नंतर लहानशी कठीण गाठ आणि तिच्या मध्यावर खपली, असा क्रम दिसतो.

आधुनिक वैद्यकात या विकाराला ‘कॉन्ड्रोडर्मॅटायटिस नोड्युलॅरिस हेलिसिस’ असे लांबलचक नाव आहे. १९१५ मध्ये मॅक्स विंकलर यांनी त्याचे वर्णन केले. तो मुख्यतः पन्नाशीनंतर, गोऱ्या वर्णाच्या पुरुषांत आणि कानाच्या वरच्या कडेवर आढळतो. स्त्रियांत तो आतल्या वळीवरही दिसतो. गाठ काही मिलिमीटरचीच, पण वेदना इतकी तीव्र की त्या कुशीवर वळताच रुग्ण जागा होतो. ब्रिटनमध्ये या विकाराच्या रुग्णांना शस्त्रकर्मापूर्वी दाब काढून पाहण्याचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात, आणि त्यासाठी छिद्र असलेल्या उशा तेथे विकल्या जातात. काही रुग्ण तर फोमच्या तुकड्याला घरीच भोक पाडून काम भागवितात.

ग्रंथातील एखाद्या नावाशी हा विकार जोडून टाकण्याचा मोह येथे होतो. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या २५ व्या अध्यायात परिपोट, उत्पात, उन्मन्थ, दुःखवर्धन आणि परिलेही असे पाच कर्णपालीरोग सांगितले आहेत. त्यांपैकी उत्पाताचे हेतू जड अलंकार, आघात आणि घर्षण हे आहेत. हेतू जवळचा आहे, हे खरे. परंतु पालीचा शोथ आणि वरच्या कडेवरील गाठ एक नव्हेत. आमच्या मते उत्पाताच्या वर्णनातून दाब व घर्षण हे हेतू घ्यावेत, नाव घेऊ नये. नाव घेतले की पुढे त्या नावाची सगळी चिकित्सा आंधळेपणाने मागे येते.

आपल्याकडे हा विशिष्ट विकार विरळ. मग अशा उशीला मागणी कोठून येणार, असा प्रश्न महिलांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता आणि तो रास्त होता. अनुभवाने असे दिसले की दाबामुळे दुखणारे कान इतर कारणांनीही पुष्कळ असतात. कानाच्या वरच्या भागात बुगडीसाठी नव्याने टोचून घेतलेल्या मुली, झोपतानाही कुड्या न काढणाऱ्या वृद्ध स्त्रिया, कर्णपटलाच्या शस्त्रकर्मानंतर शल्यचिकित्सकाने एका कुशीवर न निजण्यास सांगितलेले रुग्ण, हाडे दिसू लागलेले कृश वृद्ध जे पक्षाघाताने एकाच कुशीवर पडून राहतात. या सर्वांना उशी उपयोगी पडते. तिचा उपयोग मात्र एकाच अर्थाचा : ती निदानपरिवर्जन करते. ती औषध नव्हे. हा भेद या सबंध उद्योगाचा पाया आहे, आणि आमची चूक तो भेद विसरल्यामुळेच झाली.

चुंबळीची परीक्षा

गूढ लक्षणांच्या व्याधीत उपशय आणि अनुपशय यांनी परीक्षा करावी, हा चरकाचार्यांचा उपदेश आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. दाबजन्य कर्णशूलाइतके त्याचे सोपे उदाहरण क्वचित मिळेल. दुखऱ्या कुशीवर निजल्यास वेदना वाढते, उताणे अथवा दुसऱ्या कुशीवर निजल्यास काही वेळाने उतरते, आणि दिवसा कान मोकळा असताना जवळजवळ नसतेच. एवढा इतिहास स्पष्ट मिळाला तर दाबाचा संशय घेण्यास आधार आहे.

परंतु संशयावर उशी विकू नये. आम्ही रुग्णाला प्रथम चुंबळ करावयास सांगतो. डोक्यावर हंडा घेणाऱ्या स्त्रीला चुंबळ शिकवावी लागत नाही. पुरुषांना मात्र घरातील बायकांकडून करून घ्यावी लागते. जुने, मऊ लुगडे किंवा सुती चादर पिळून तिचे कडे करावे, मधील पोकळी कानाहून चार बोटे अधिक ठेवावी, टोके आत खोचून एक-दोन टाके घालावेत आणि ते नेहमीच्या पातळ उशीवर ठेवून कान पोकळीत येईल असे निजावे. कड्याची कड कानामागील अस्थीवर रुतता कामा नये. असे दहा रात्री करून पाहावे.

दहा रात्रींत वेदना निश्चित कमी झाली तर दाब हा हेतू होता असे समजण्यास हरकत नाही. मग रुग्णाने वाटल्यास उशी घ्यावी, वाटल्यास चुंबळीवरच भागवावे. येथे उद्योगाचे नुकसान होते, हे आम्ही लपवीत नाही. महिलांपैकी एकीने आम्हाला तोंडावर विचारले, “डॉक्टर, तुम्हीच फुकटची चुंबळ शिकवली तर आमची उशी घेणार कोण?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुष्कळ रुग्ण चुंबळीवरच थांबतात. पण चुंबळ रात्री सुटते, सरकते, आणि ज्याला महिनोन् महिने तिची गरज आहे तो स्वतःहून उशी मागावयास येतो. असा ग्राहक उशी परत करीत नाही, आणि दुसऱ्याला सांगतो.

चुंबळीने मुळीच फरक पडला नाही, तर तो उशीचा ग्राहक नव्हे. तो रुग्ण आहे, आणि त्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून करावी.

आमची चूक

उद्योगाच्या पहिल्या वर्षी ही परीक्षा आम्ही ठरविलेली नव्हती. एक सत्तरीचे शेतकरी, जुने मधुमेही, उजव्या कानाच्या रात्रीच्या वेदनेसाठी आले. रात्री दुखते, त्या कुशीवर झोपवत नाही, एवढे ऐकून आम्ही शष्कुली पाहिली. वरच्या कडेवर थोडी लाली होती. आम्ही समाधानाने त्यांना उशी दिली. मधुमेहाची नोंद आमच्याच कागदावर होती. तिचा अर्थ लावण्यास आम्ही थांबलो नाही.

आठ दिवसांनी ते म्हणाले, “उशीनं वरचं बरं वाटतंय डॉक्टर, पण दुखणं आत सरकलंय.” हे वाक्य आम्हाला आजही ऐकू येते. त्या दिवशीही आम्ही कानात पुरेशा प्रकाशात पाहिले नाही; आणखी आठ दिवस उशी वापरा, असे सांगितले. तिसऱ्या खेपेस त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा कानातून स्राव येत होता आणि उजव्या बाजूचे तोंड किंचित वाकडे झाले होते.

वृद्ध मधुमेही रुग्णाच्या बाह्यकर्णातील संसर्ग कवटीच्या तळाच्या अस्थीपर्यंत पसरू शकतो. याचे कारण बहुधा ‘स्यूडोमोनास’ नावाचा जिवाणू असतो. वेदना खोल, असह्य आणि रात्री वाढणारी असते. कर्णनलिकेच्या तळाशी, जेथे तरुणास्थि संपून अस्थि सुरू होते तेथे, मांसांकुर दिसतात. पुढे चेहऱ्याची नाडी ग्रस्त होऊन अर्दिताचे रूप येते. यावर कित्येक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात आणि रक्तशर्करा काटेकोर नियंत्रणात ठेवावी लागते. उशीर जीवघेणा ठरू शकतो. त्या गृहस्थांना त्याच दिवशी कल्याणला कर्णतज्ज्ञांकडे पाठविले. ते वाचले, तोंडाचा वाकडेपणा पूर्ण गेला नाही.

वाग्भटाने ज्या व्याधीच्या हेतूंत विषम उपधान सांगितले, तोच व्याधी आम्ही दिलेल्या उशीवर निजलेल्या रुग्णात आम्हाला पाहावा लागला. उशीने तो उत्पन्न झाला नव्हता. पण उशी मिळाल्यामुळे रुग्ण आणि आम्ही दोघेही निश्चिंत झालो, आणि त्यात दोन आठवडे गेले.

कोणत्या कानाला उशी देऊ नये

या प्रसंगानंतर आम्ही महिलांसाठी एक साधी नोंदवही केली. उशी विकण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत आणि उत्तर लिहून घ्यावे, असा नियम ठरविला. उत्तरांपैकी एक जरी आक्षेपार्ह आले तर उशी न देता रुग्णाला वैद्याकडे पाठवावे. व्यवसायी वैद्यांनी या प्रश्नांमागील कारणे जाणून असावीत, म्हणून ती थोडी विस्ताराने देतो.

मधुमेह आणि रात्रीचा खोल कर्णशूल यांविषयी वर आलेच आहे. दुसरे, कानावरील व्रण. गाठीवर खपली धरते, पडते, पुन्हा धरते, आणि चार ते सहा आठवड्यांत भरून येत नाही. तीतून रक्त येते, कडा कठीण वा उचललेल्या वाटतात. अशा वेळी अर्बुदाची शंका घेतलीच पाहिजे. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कानाच्या कडेवर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो आणि वरवर पाहता तो दाबाच्या गाठीसारखाच दिसतो. या दोहोंतील भेद डोळ्यांनी निश्चित होत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. दाब काढल्यावर वेदना कमी झाली एवढ्यावरून कर्करोग नाही असे म्हणता येणार नाही. म्हणूनच चुंबळीने बरे वाटले तरी जोवर गाठ आहे तोवर तिच्यावर लक्ष ठेवावे, असे आम्ही सांगतो.

तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण आपल्या भागात तंबाखू आणि मिश्री यांचे व्यसन घराघरांत आहे. कान दिसावयास पूर्णपणे निर्दोष, कर्णपटल स्वच्छ, आणि तरीही एका बाजूचा कान सतत दुखतो. अशा रुग्णाचे तोंड उघडून पाहावे. जिह्वामूळ, गलशुंडिकेच्या आसपासचा भाग, कंठ, हिरड्या, अक्कलदाढ यांच्या आणि कानाच्या संवेदना वाहणाऱ्या नाड्यांच्या शाखा समाईक असल्यामुळे तेथील व्रणाची वेदना कानात भासते. कंठातील कर्करोग कित्येकदा प्रथम कर्णशूल म्हणूनच वैद्यापुढे येतो. त्याला कर्णपूरण करीत बसणे जितके घातक, तितकेच उशी देणे घातक.

टोचलेल्या कानाविषयी मुलींना एक खूण शिकवून ठेवावी. बुगडीच्या छिद्राभोवती वरचा कान लाल, गरम आणि सुजलेला, परंतु खालची पाळी मात्र शांत, असे दिसले तर शोथ तरुणास्थीच्या आवरणात पोहोचला आहे असे समजावे. पाळीत तरुणास्थि नसते म्हणून ती सुटते. ही अवस्था उशीची नाही, तातडीच्या उपचाराची आहे. विलंब झाला तर तरुणास्थि गळून कान कायमचा चुरमडतो.

लहान मुलाच्या कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तान्ह्या बालकांसाठी तर कोणतीच उशी देऊ नये. एक वर्षाखालील बालकाच्या अंथरुणात उशी किंवा मऊ कडे ठेवल्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मध्ये खळगा असलेली उशी मागण्यासाठी आमच्याकडे आजी येतात, आणि त्यांना नकार देणे हे या उद्योगातील सर्वांत नाजूक काम आहे. मोहरीच्या उशीची परंपरा त्या सांगतात. आम्ही वाद घालीत नाही, उशी मात्र देत नाही.

आणखी एक निरीक्षण आपल्याच पद्धतीविषयी. माळशेजच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की कर्णनलिकेत बुरशी धरण्याचे प्रमाण वाढते. कानात ओल्या कागदासारखा मळ, त्यावर काळे ठिपके आणि प्रचंड कंडू. अशा कानात कोमट तेल घालणे हा घरोघरचा उपाय, आणि दुर्दैवाने काही वैद्यांचाही. कर्णपटलाला छिद्र आहे की नाही हे न पाहता, आणि बुरशी असताना, कर्णपूरण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. असे रुग्णही रात्री कान दुखतो म्हणून उशी मागतात. त्यांना कोरडा, स्वच्छ केलेला कान हवा असतो.

कापूस, शिवण आणि हिशेब

आता उद्योगाकडे वळू. काटेसावर, म्हणजे आपली शाल्मली, मुरबाड-शहापूरच्या जंगलात विपुल आहे. तिचा निर्यास मोचरस आपण अतिसारात आणि रक्तस्तंभनासाठी वापरतो, म्हणून तिच्या कापसातही काही रोगहर गुण असावा असे ग्राहकांना सांगण्याचा मोह होतो. तसे सांगण्यास काही आधार नाही. कापसाचे खरे गुण वेगळे आहेत. त्याचा तंतू पोकळ, हलका आणि मेणचट असतो. त्यामुळे तो पाणी लवकर शोषत नाही. तंतू आखूड आणि निसरडा असल्याने त्याचे सूत कातणे कठीण, म्हणून तो पूर्वापार भरणासाठीच वापरला गेला.

फुले माघ-फाल्गुनात, आणि बोंडे चैत्र-वैशाखात फुटतात. बोंड पूर्ण उकलण्याआधी काढावे लागते, अन्यथा कापूस वाऱ्यावर जातो. तो गोळा करण्याचे काम ठाकर आणि कातकरी कुटुंबे करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. कापसाचा भाव ठरविताना हे ध्यानात असावे. वनोपजावर चांगला उद्योग उभा राहू शकतो हे शेजारच्या शहापूरने दाखविलेच आहे. तेथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेत गुळवेलीचा व्यापार उभा केला आणि मोठ्या औषधनिर्मात्यांच्या मागण्या मिळविल्या. मात्र त्या उदाहरणाने आम्ही प्रथम फसलो. गुळवेल टनांच्या हिशेबाने एकाच ग्राहकाला जाते. कानाची उशी एकेकीने, एकेका कानासाठी जाते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मागणी नसताना कापूस भरून ठेवला आणि त्यातील पुष्कळसा पावसाळ्यात दमट होऊन कोंदट वासाने वाया गेला. मेणचट तंतू पाणी शोषत नाही हे खरे, पण दमट कोठारात धूळ आणि बियांचे तुकडे बुरशी धरतातच.

कापूस साफ करताना पंखा लावू नये. बंद खोलीत, नाकातोंडावर कापड बांधून बी आणि काडी वेगळी करावी. या तंतूची धूळ श्वासात गेली तर कास व श्वास यांचा त्रास होतो. चूल, विडी, उदबत्ती जवळपास नसावी. हा कापूस ठिणगीने भपकन पेटतो.

शिवणीत मुख्य अडचण छिद्राची. सरळ भोक पाडून उशी भरली तर दोन रात्रींत कापूस सरकून भोक बुजते. त्यावर उपाय म्हणजे वरच्या व खालच्या पृष्ठाला जोडणारी कापडाची नळी शिवणे आणि नळीभोवतीचा कप्पा वेगळा करून तो इतर भागापेक्षा घट्ट भरणे. छिद्र लंबगोल असावे. प्रौढ माणसासाठी सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद. डोके ठेवल्यावर उशीची उंची खांदा आणि कान यांतील अंतराएवढी राहिली पाहिजे, नाहीतर मान वाकते आणि एका दुखण्याच्या जागी दुसरे येते. आतील कापड दाट विणीचे गादीपाट हवे, कारण विरळ कापडातून तंतू बाहेर येऊन कानातच जातात. अभ्रा वेगळा, धुता येईल असा, आणि त्यालाही छिद्र हवे. एका उशीबरोबर दोन अभ्रे द्यावेत.

किंमत ठरविताना महिला बहुधा स्वतःची मजुरी धरीत नाहीत. कापूस, कापड, दोरा एवढेच मांडतात आणि उरले ते नफा म्हणतात. आम्ही त्यांना उदाहरण घालून दिले : समजा साहित्याचे २०० रुपये, साफसफाई आणि शिवण मिळून पाच तास; त्या पाच तासांची शेतमजुरी काय होते, ती आधी लिहा. मग शिलाईयंत्राची दुरुस्ती, वाया जाणारा कापूस आणि वाहतूक. याखेरीज परत आलेली उशी. कानाला लागलेली उशी दुसऱ्याला विकता येत नाही. तिचा कापूस टाकावाच लागतो. हे सर्व धरल्यावर जी किंमत निघते ती ऐकून गावातील ग्राहक मागे सरतो. म्हणून चुंबळ गावासाठी आणि उशी कल्याण-ठाण्यासाठी, असे जवळजवळ आपोआप घडले. त्यात आम्हाला वावगे वाटत नाही.

वैद्याने उशीतून स्वतःचा भाग घ्यावा काय, हा प्रश्न आमच्यापुढे होता. आम्ही घेत नाही. ज्या वस्तूवर आपल्याला पैसा मिळतो ती वस्तू देण्याकडे बुद्धी झुकते, आणि ते झुकणे आपल्या स्वतःच्या लक्षात येत नाही. काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. औषधे विकतो तर उशी का नको, असे ते विचारतात. आमचे उत्तर वरील मधुमेही गृहस्थांच्या प्रसंगात आहे.

वेष्टनावरील शब्द

पहिल्या खेपेस छापून घेतलेल्या पत्रकावर ‘कानदुखी, कर्णनाद व बहिरेपणावर गुणकारी’ असे शब्द मुद्रकाने आपल्या कल्पनेने घातले आणि आम्ही न वाचता मान्य केले. सुदैवाने वाटण्यापूर्वी ते एका स्नेह्याने पाहिले. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयीच्या कायद्यात ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे त्यांच्या सूचीत बधिरता आहे, आणि त्या कायद्यातील औषधाची व्याख्या बरीच व्यापक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. शिवाय १ एप्रिल २०२० पासून रोगाचे निवारण वा शमन यांसाठी म्हणून विकली जाणारी उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उशीवर रोगाचे नाव छापावयाचे असेल तर त्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. आमच्या वेष्टनावर आता एवढेच असते : ‘कुशीवर निजताना कान मोकळा राहावा यासाठी मध्यभागी छिद्र असलेली सावरीच्या कापसाची उशी. एक वर्षाखालील बालकांसाठी नाही. कान वाहत असल्यास, मधुमेह असल्यास किंवा कानावरील जखम भरत नसल्यास आधी वैद्यांना दाखवा.’

बंद वेष्टनातील मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, नग, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे २०११ च्या नियमांनुसार असावे लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही, ही सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण परराज्यात माल पाठविताच ती सवलत राहत नाही. सुरतेहून आलेली एक मोठी मागणी आम्ही याच कारणाने थांबवून ठेवली होती.

उशीची निगा ग्राहकाला तोंडी सांगावी, कारण कागद कोणी वाचत नाही. अभ्रा आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवावा, कान वाहत असल्यास रोज. उशी मात्र पाण्यात घालू नये. उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी आणि पावसाळ्यात दर चार दिवसांनी कोरड्या, वारा खेळता असलेल्या जागी टांगावी. वर्षाने कापूस बसतो आणि छिद्राची कड सैल होते. तेव्हा उशी परत आणावी. नळीभोवतीचा कप्पा उसवून नवा कापूस भरून दिला जातो. त्या निमित्ताने कानही पुन्हा पाहता येतो, आणि नोंदवहीत दुसरी ओळ चढते.